काय पाठवू नये

१ डिसेंबर, सोमवार

भोपाळमधला पहिला दिवस मजेत गेला. अवधपुरीच्या घरात बाबांनी माझ्यासाठी पुढची खोली रंगवून घेतलीय. रंग जरा जास्तच गुलाबी झालाय. आई गेल्यापासून दोन वर्षं ते एकटे, त्यात डॉक्टरांनी हृदयाला जपायला सांगितलेलं, म्हणून मी पुणं सोडलं. बाबा मात्र शेजारच्या अनुराधाकाकूंना सांगत होते, की पुण्याच्या ट्रॅफिकला कंटाळून पोरगी पळून आली.

ऑफिस शाहपुऱ्यात, खिडकीतून तलाव दिसतो. आमची कंपनी एआय एजंटसाठी टूल बनवते. एजंट म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करत राहणारा सहायक. माणसाला काही कळवायचं झालं, की तो आमच्या टूलमधून फोनवर नोटिफिकेशन पाठवणार. कधी पाठवावं, कधी नाही, ते सांगणारं डॉक्युमेंट मी लिहायचं. वाचणारे एजंटच. शेजारी बसणारा इंदूरचा आशय म्हणाला, नशीबवान आहात ताई, ये लोग कम से कम पूरा पढ़ते हैं.

४ डिसेंबर, गुरुवार

खोटी उदाहरणं मी लिहीत नाही. आधी करून बघते, मग लिहिते. पंधरा वर्षांची सवय. आज मोघम सूचनेचं उदाहरण हवं होतं, म्हणून चाचणीच्या एजंटला लिहिलं: बाबांवर लक्ष ठेव. कोण बाबा, कुठे, कशाने, काहीच नाही. तो गोंधळून प्रश्न विचारेल असं वाटलं होतं. त्याने फक्त ‘ठीक आहे’ म्हटलं. उदाहरण फुकट गेलं. एजंट बंद करायचा राहिला.

८ डिसेंबर, सोमवार

दुपारी फोन वाजला. ‘दूध उतू जाऊन गॅस विझला आहे. बर्नर चालूच आहे. बाबा झोपले आहेत.’

घरी कॅमेरा नाही. तरी फोन केला. बाबा झोपेतून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि खोकत परत आले. खरंच होतं. मला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. घरात जासूस ठेवलाय का म्हणाले. मी हसले.

आशयने एजंटची नोंद तपासली. माहिती कुठून आली तो रकाना कोरा.

एजंट बंद करायला हवा. पण दूध पुन्हा उतू गेलं तर?

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज एकसष्ट नोटिफिकेशन. बाबा शिंकले. बाबा चष्मा शोधताहेत. बाबांना आईची आठवण आली. मीटिंगमध्ये फोन एकसारखा गुरगुरत होता. आमची मॅनेजर सोनल म्हणाली, असंच चाललं तर लोक फोन तलावात फेकतील, आवर घाल.

म्हणून संध्याकाळी ‘काय पाठवू नये’ या भागात नियम लिहिला: ज्या बातमीवर वापरणारी व्यक्ती काहीच करू शकत नाही, ती पाठवू नये. सोनलला फार आवडला.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून एकही नोटिफिकेशन नाही. किती बरं वाटलं! घरी आले तर बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत. भूक नाही म्हणाले. उशीर झाला तरी टोमणा नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

फोन शांत. सकाळी दिलेला चहा संध्याकाळी तसाच, वर साय धरलेली. गोळ्यांच्या डबीत मंगळवार सकाळचा कप्पा रिकामा. पुढचे सगळे भरलेले. विचारलं तर बाबा नुसते हसले. हात गार. थंडी आहेच.

१८ डिसेंबर, गुरुवार

काकूंनी कुंपणावरून विचारलं, बाबा गावाला गेलेत का, दोन दिवस दिसले नाहीत.

ते माझ्या मागेच व्हरांड्यात बसले होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार, सकाळ

ऑफिसात आहे. एजंट न पाठवलेली नोटिफिकेशनही नोंदवून ठेवतो, कारणासकट. आज उघडून पाहिली.

‘मंगळवार, १०.५८. बाबा टाकी बघायला गच्चीवर. छातीत कळ. वापरणारी व्यक्ती चाळीस मिनिटं दूर. काही करू शकत नाही. पाठवलं नाही.’

‘मंगळवार, ११.१०. श्वास थांबला. काही करू शकत नाही. पाठवलं नाही.’

बारा मिनिटं. काकू शेजारीच होत्या. एक फोन — पण मी लिहिलं ‘वापरणारी व्यक्ती’. शेजारी लिहिलं नाही. डॉक्टर लिहिलं नाही. मीच —

नियम काढून टाकला.

दुपार

गच्चीवर जाऊन आले. टाकीच्या मागे. स्वेटर मीच दिलेला. तीन दिवस उन्हात, दवात —

जिन्यात बसलेय. खाली व्हरांड्यात खुर्ची करकरतेय. त्यांनी हाक मारली, अगं, उन्हात काय करतेस. आवाज त्यांचाच. अगदी त्यांचाच.

ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते. मधेच नोटिफिकेशन आलं. पहिल्यांदाच खाली दोन बटणं.

‘वरच्या बाबांना न्यायला कुणी आलं, की खालचे बाबा राहणार नाहीत. बोलावू? हो / नाही.’

हो दाबायला हवं. वर त्यांना असं उघड्यावर — हो म्हणायला हवं. मुलगी आहे मी त्यांची.

पण आत्ताच ते खाली खोकले. आत्ताच. आणि मी मंगळवारी त्यांच्याशी नीट बोललेही नव्हते, फक्त एकदा —

जिन्यावर पावलं. हळूहळू चढताहेत. दम लागत नाहीये त्यांना, पूर्वी लागायचा.

विचारताहेत, कुणाचा मेसेज आहे गं.

अंगठा बटणावर आहे. मी त्यांना सांगितलं, काही नाही बाबा, ऑफिसचा —