खुर्चीचं पुस्तक

४ ऑगस्ट २००९

यादी द्यायची मुदत काल संपली. मी आज गेलो. वरातीमागून घोडं – दरवर्षीचंच.

कॉलेजच्या ग्रंथालयातलं राखीव पुस्तकांचं काउंटर ओडेट लाफ्रेनिएर सांभाळते. आवाज इतका गोड, की आपल्याला नकार मिळालाय हे जिना उतरताना कळतं. म्हणाली, "घेते यादी, सर. पण आता रांगेत शेवटी. वेळेवर आलेल्यांची पुस्तकं आधी कपाटातून निघतील." मग सगळे नियम पुन्हा ऐकवले. पुस्तक एखाद्या कोर्सला जोडलेलं हवं. मुलांना ते किती वेळ द्यायचं ते शिक्षकानं ठरवायचं – दोन तास, एक दिवस की तीन दिवस. सत्र संपलं की राखीवपण संपलं. मी इथे शिकवायला लागलो तेव्हा ही बाई शाळेत असेल!

माझ्या यादीत एकच पुस्तक. माझंच. 'बर्फाखालचा व्यापार: ग्रेलिंग सरोवरावरील हिवाळी मासेमारीचा आर्थिक इतिहास'. आयुष्यात एवढं एकच लिहिलं.

ते राखीव ठेवण्यामागे कारण आहे. दहा वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही ते पुस्तक आता काढून टाकतात. खाली दाराशी चाकाची गाडी असते, तिच्यावर ठेवतात, फुकट न्या म्हणून. परवा त्या गाडीवर दिवंगत सहकाऱ्यांची तीन पुस्तकं दिसली. वर जाऊन पाहिलं तर माझ्या पुस्तकावरही लाल ठिपका, काढून टाकायच्या पुस्तकांवर लावतात तो.

"राखीव ठेवलं तर या सत्रापुरतं वाचेल," ओडेट म्हणाली. "पण डिसेंबरात किती जणांनी नेलं ते बघतात. कुणीच नाही नेलं, तर गाडी." मग म्हणाली, "तुमच्याकडे घरी प्रत असेल ना? शिक्षकांची स्वतःची प्रतही आम्ही ठेवतो. वर पट्टी चिकटवतो, सत्र संपलं की काढून परत देतो. ती कोणी फेकू शकत नाही."

दोन तासांची मुदत निवडली. मागणी असलेल्या पुस्तकाला दोन तासच देतात.

५ ऑगस्ट

घरी एकच प्रत उरली आहे, ती बायकोची, थोराची. बाकीच्या मी उदारपणे वाटल्या; कुणी मागितल्या नव्हत्या. तिची प्रत स्वयंपाकघरात, पाककृतींच्या पुस्तकांशेजारी उभी असते. पहिल्या पानावर मी लिहिलंय – 'थोरास, टंकलेखनाबद्दल आभार'.

म्हटलं, सत्रापुरती दे. म्हणाली, "माझी प्रत इथून हलणार नाही."

"तू कधी उघडलीस तरी का ती?"

"तीनदा टाइप केलंय मी ते. आता उघडायचं कशाला?"

हे उत्तर गेली पंचवीस-एक वर्षं ऐकतोय. घरचं माणूस वाचत नाही, मग बाहेरच्यांनी का वाचावं? मला वाचक हवा. एक पुरे. पण खरा हवा.

१४ सप्टेंबर

वर्गात अकरा मुलं. पहिल्याच तासाला सांगितलं – राखीव काउंटरवर जा, तिसरं प्रकरण वाचा, कोष्टकांसह. १९३१चा माशांच्या पकडीचा आकडा मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. सहावं प्रकरण सोडलं तरी चालेल. ते घोडेबिडे, बर्फावरच्या गोष्टी – प्रकाशकाच्या हट्टापायी एका म्हाताऱ्या कोळ्याकडून ऐकून आठवडाभरात उरकलं होतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलं गुणी वाटतात.

१८ सप्टेंबर

शून्य.

२२ सप्टेंबर

पुस्तक बघायला (म्हणजे मुलं बघायला) राखीव कक्षात गेलो. खोली भरलेली. एकाच्याही हातात पुस्तक नाही! एक टेबलावर पाय टाकून घोरतोय, दोघी सामोसे खातायत, एक जण हॉकीच्या काठीला पट्टी गुंडाळतोय. वाचायला आलेल्यानं बसावं कुठे?

दुपारी ग्रंथालय समितीची बैठक होती. तिथे बोललो. चांगला बोललो. ठराव मंजूर – ज्याच्या हातात राखीव पुस्तक, त्यालाच राखीव कक्षात खुर्ची. विरोधात फक्त ओडेट. म्हणाली, "सर, यानं काय होईल ते मला दिसतंय." म्हटलं, शिस्त होईल.

९ ऑक्टोबर

अजून शून्य. माझी अकरा गुणी मुलं कोष्टकांबद्दल विचारलं की खिडकीबाहेर बघतात.

ओडेट म्हणाली, "इतक्यात निराश होऊ नका. थंडी पडू द्या." थंडीचा इथे काय संबंध?

१२ ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंग, इथे ते ऑक्टोबरातच असतं. टर्की कोरडी झाली. थोरा म्हणाली, "तुझ्या तिसऱ्या प्रकरणासारखी." मी चमकलो. विचारलं, तुला काय माहीत? "टाइप करताना बोटं दुखली होती," म्हणाली आणि बटाटे पुढे केले.

३ नोव्हेंबर

नेलं! एकानं नव्हे, या आठवड्यात रोज कोणी ना कोणी नेतंय. ओडेटनं स्क्रीन वळवून दाखवला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

बाहेर उणे वीस. ग्रंथालयाचा बॉयलर बिघडलाय, मुलं हातमोजे घालून टाइप करतात. राखीव कक्ष तेवढा उबदार आहे, खालून वाफेचे जुने नळ जातात म्हणून. अशा दिवसांत मुलं अर्थशास्त्र वाचतायत. या पिढीला उगाच नावं ठेवतो आपण.

१० नोव्हेंबर

आता दर दोन तासांनी हात बदलतंय. विभागप्रमुख वेन ह्रिश्कोला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं, अगदी सहज. तो बुटावरचा बर्फ झटकत होता. "तुझं पुस्तक? ते माशांचं?"

"मासेमारीचं."

"अरे वा. मग असं काउंटरवर का ठेवलंस? मागणी असलेली पुस्तकं हल्ली स्कॅन करून ऑनलाइन टाकतात. घरबसल्या वाचतील लोक. अर्ज कर की."

घरी आल्यावर थोराला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं चाललंय ना? मग चालू दे. हात दाखवून अवलक्षण कशाला?" या बाईला माझं बरं झालेलं बघवत नाही.

१७ नोव्हेंबर

ओडेटकडे गेलो. कायद्यानं एखादंच प्रकरण स्कॅन करता येतं. अख्खं करायचं तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते. हक्क माझ्याकडेच आहेत, प्रकाशक कधीच गाशा गुंडाळून गेला. तिथल्या तिथे सही केली.

तिनं कागद लगेच घेतला नाही. "सर, बांधणी फार जुनी आहे. यंत्रात घालायचं तर शिवण कापून पानं सुटी करावी लागतील. ही प्रत मग प्रत राहणार नाही. आठवडाभर विचार करा."

"विचार कसला? वाचक थांबलेत. जरा घाईच करा."

"आत्ता कुठे थंडी सुरू झालीय, सर."

पुन्हा थंडी! या बाईच्या डोक्यात बॉयलर बसलाय.

२४ नोव्हेंबर

वर्गात म्हटलं, पुस्तकाला तोबा गर्दी आहे असं ऐकतो, तर तिसऱ्या प्रकरणाबद्दल कोण बोलेल? कोणी बोललं नाही. लाजतात.

१ डिसेंबर

आज वाटलं, एकदा वाचक डोळ्यांनी बघावा. राखीव कक्षात गेलो. कोपऱ्यात एका धिप्पाड मुलासमोर माझं पुस्तक. त्याच्यावर लॅपटॉप. लॅपटॉपवर हॉकीची मॅच.

शेजारी बसलो. विचारलं, "कसं वाटतंय पुस्तक?"

"कुठलं?"

बोट दाखवलं. तो हसला. "अच्छा, खुर्चीचं पुस्तक! हे बसायसाठी आहे, काका. पुस्तक हातात असल्याशिवाय इथे बसू देत नाहीत ना. कुठल्या तरी शहाण्यानं नियम काढलाय. गणिताची, शरीरशास्त्राची पुस्तकं सकाळीच जातात. हे बिचारं नेहमी असतं. काउंटरवर नुसतं 'खुर्ची द्या' म्हटलं की हेच देतात. पण लवकर मागा, हल्ली यालाही रांग असते."

मी म्हटलं, बरं. खाली आलो. कोट घालताना बाही सापडेना.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि राग कुणावर काढायचा? तो शहाणा आरशात दिसतो.

२ डिसेंबर

सकाळी दार उघडायच्या आधीच काउंटरपाशी उभा होतो. ओडेटला म्हटलं, स्कॅन थांबवा. राहू दे ते तसंच. खुर्चीसाठी नेतात तर नेऊ देत, निदान गाडीवर तरी जाणार नाही.

तिनं खालून एक खोका काढून ठेवला. आत पानं, रबरबँडनं बांधलेली. कव्हर वेगळं.

"काल संध्याकाळी कापलं. तुम्ही घाई करा म्हणालात."

"मग ऑनलाइन तरी कधी दिसेल?"

"जानेवारीत. मधे नाताळची सुट्टी. पण ऑनलाइनही कोर्सपुरतंच असतं, आणि जानेवारीत तुमचा हा कोर्स नाही, म्हणून तेव्हा ते कोणाला दिसणार नाही." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला सांगणार होते, सर. दोनदा तोंडाशी आलं. पण तुमचा चेहरा इतका खुलला होता, की जीभ उचलेना."

म्हणजे हिशेब असा: पुस्तकाला कोणी विचारत नव्हतं तेव्हा ते अखंड होतं. मागणी आली आणि मीच सही करून कापायला लावलं.

खोका घरी आणला नाही. थोराला काय सांगू?

४ डिसेंबर

थोराला सांगितलं. ती हसेल म्हणून तयारीत होतो. हसली नाही. कॉफी ओतली, साखर घातली, जी ती मला एरवी घालू देत नाही.

८ डिसेंबर

परीक्षा सुरू. उणे एकतीस. पार्किंगमध्ये इंजिन गोठू नये म्हणून गाडीला जोडलेली हीटरची वायर काढत होतो, तेवढ्यात मागून कोणी हाक मारली. नर्सिंगची मुलगी, मारिकार डुमलाओ. माझ्या वर्गातली नाही. गुंडाळलेल्या स्कार्फमधून फक्त डोळे दिसत होते.

"सर, 'बर्फाखालचा व्यापार' तुम्ही लिहिलंय ना? काउंटरवरच्या बाईंनी तुमचं नाव सांगितलं."

म्हटलं, हो. खुर्चीचं पुस्तक. आता नाही ते, दुसरं काही मागून घे.

"खुर्ची नको हो. आधी मीही त्याच्यावर डोकं ठेवून झोपायचे. मग एकदा फोन बंद पडला, करायला काही नव्हतं, म्हणून उघडलं. कोष्टकं सोडली. सहाव्या प्रकरणात अडकले. रोज रांग लावून तेच मागत होते." स्कार्फ खाली घेतला. "तो घोडा, ग्रानी. बर्फ फुटून आत गेलेला. पुढचे दोन्ही पाय बर्फाच्या काठावर आलेत, आणि तो म्हातारा दोर ओढत त्याच्याशी बोलतोय. तिथे माझे दोन तास संपले. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणे पुस्तक कापलं. सर, घोडा वाचला का?"

एक वाचक मागितला होता. समोर उभा होता, नाक लाल झालेलं.

आणि मला आठवेना! १९३१चा पकडीचा आकडा जिभेवर आला. घोड्याचं काय झालं, काही केल्या आठवेना. म्हाताऱ्याचा आवाज आठवला, त्याच्या घरातला माशांचा वास आठवला. शेवट नाही. मी लिहिलेला शेवट!

म्हटलं, "बघून सांगतो."

ती म्हणाली, "थांबते मी, सर. पण विसरू नका हं."

९ डिसेंबर

थोरा नाताळचा केक करत होती, आलुबुखाऱ्याचा, तिच्या आईसारखा थरांवर थर देऊन. म्हटलं, तुझी प्रत जरा दे, एका मुलीला ग्रानीचं काय झालं ते सांगायचंय. तिनं मान वर केली नाही.

"बुडाला," ती म्हणाली. "प्रत तिला दे, वाचू दे सावकाश. मी तीनदा टाइप केलं ते पान. दर खेपेला वाटायचं, या वेळी तू त्याला वाचवशील."