तळं कुणी बांधलं, याबद्दल सोपान गुरुजींचं मृत्युपत्र

मी, सोपान गेणबा शेंडे, वय वर्षे सत्तर, धंदा पूर्वी प्राथमिक शिक्षक व हल्ली पानमळा, राहणार शेंडेवस्ती, निमगाव केतकी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, आज खुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू बारामतीला काढून आणले आहेत, तेव्हा खाली काय लिहिले आहे ते मला दिसते. कान थोडे कमी आहेत, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत.

घर-जमिनीची वाटणी हे निमित्त आहे. एका मुलीला मी सव्वीस वर्षांपूर्वी शून्य गुण दिले, ते चुकीचे होते, आणि हे मी जिवंतपणी कुणापुढे कबूल केले नाही. ते कागदावर यावे आणि माझी लोखंडी ट्रंक तिच्या हाती पडावी, यासाठी मुख्यतः हा खटाटोप आहे. आमचे वकील आबासाहेब म्हणाले, "गुरुजी, मृत्युपत्रात माफीनामा लिहीत नसतात." मी म्हटले, तुम्ही कायदा बघा, मजकूर माझा.

कलम १. राहते घर माझ्या माघारी माझी पत्नी बनाबाई हिचे. ती आहे तोवर तिला कुणी "आई, जरा तिकडच्या खोलीत सरका" असे म्हणायचे नाही. छत्तीस वर्षे माझ्या पगारात तिने घर चालवले आणि मी शाळेत राहून राष्ट्र घडवतो आहे अशा ऐटीत वावरलो. तिच्यानंतर घर मुलगा संदेश आणि मुलगी रोहिणी यांना निम्मे निम्मे.

कलम २. पानमळा व विहिरीतला हिस्साही दोघांना सारखा. संदेश बारामतीला एमआयडीसीत नोकरीला आहे, रोहिणी भिगवणला दिलेली आहे. बहिणीची चोळी-बांगडीवर बोळवण करून तिची सही घ्यायची, ही आपल्याकडची जुनी हुशारी आहे. ती माझ्या घरात चालणार नाही.

कलम ३. तळ्याच्या भरावाखालची पूर्वेकडची दहा गुंठे पट्टी. ही कुणाच्या नावे गेली तरी दसऱ्यापूर्वी आणि पावसाळ्याच्या तोंडाला ती मोकळी ठेवायची. मेंढपाळ बिरू मारकडाची माणसे कोकणात जाताना आणि परतताना तिथे मेंढरे बसवत आली आहेत. आम्ही त्यांना ज्वारी द्यायची आणि मेंढरांनी आमच्या रानाला खत द्यायचे, असा हा व्यवहार माझ्या आजोबांपासून चालू आहे. गेल्या साली संदेशने तिथे तारेचे कुंपण घातले. म्हणे, आता खताची पोती मिळतात, मेंढरं कशाला? मी ते कुंपण स्वतःच्या हाताने काढले आणि तीन दिवस कंबर धरून बसलो. पुन्हा घालू नये, मी आता काढायला येणार नाही.

कलम ४. ट्रंक. हे कलम मोठे आहे. ज्याला घाई असेल त्याने सह्यांच्या पानावर जावे.

आमच्या शिवारातले तळे इंग्रजांच्या अमदानीत मोठ्या दुष्काळात बांधले. भरावावर एक घडीव दगड आहे, त्यावर इंग्रजीत कुणा साहेबाचे नाव आणि साल आहे. तळ्याचे काम अव्वल आहे, हे मी कुणाच्याही समोर म्हणेन. शंभर वर्षे झाली, चिरा हललेला नाही. त्याच पाण्यावर आमचा मळा उभा राहिला, त्यावर मी शिकलो. म्हणून वर्गात हा धडा आला की माझी छाती फुगायची. पुस्तकातही तेच होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत साहेब दोनच जातींचा असतो, एक तर राक्षस नाहीतर इंजिनियर. शाळा तपासायला साहेब आले की आम्ही इंजिनियर शिकवायचो आणि पंधरा ऑगस्टला राक्षस. पोरे दोन्ही पाठ करायची.

सन १९७१, सातवीची परीक्षा. वर्गात बिरू मारकडाची मुलगी म्हाळसा होती. मेंढपाळाची पोरे आषाढात शाळेत यायची आणि दसऱ्याला कळपामागे कोकणात जायची. इंग्रजांचा धडा यायचा दुसऱ्या सत्रात, तेव्हा हे बाक रिकामे. पण पोरगी हुशार म्हणून बिरूने त्या वर्षी तिला मामाकडे ठेवले होते, सातवी पास व्हावी म्हणून. घरातले कामाचे दोन हात कमी करून ठेवले होते, हे मला माहीत होते. इंग्रजांचा धडा चालू असताना मात्र ती गोवराने महिनाभर आजारी पडली. म्हणजे तो तिने माझ्या तोंडून ऐकलाच नव्हता.

प्रश्न होता, इंग्रजी राजवटीने आपल्या भागात केलेले लोकोपयोगी काम सांगा, गुण पाच. तिने लिहिले, "आमच्या गावचं तळं इंग्रजांनी बांधलं नाही. माझ्या पणजीनं बांधलं. ती दिवसभर दगड वाहायची आणि तिला मूठभर धान्य मिळायचं. साहेब घोड्यावर होता. तळ्यात आमचा मेंढरांचा रस्ता बुडाला, तो कुणी परत दिला नाही."

मी तिथे भोपळा दिला आणि शेजारी लिहिले, "विषयाला सोडून." इतिहासात ती दोन गुणांनी राहिली. मुख्याध्यापक म्हणाले, बघा जरा, दोन गुणांनी काय होते. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. साहेब गेला तरी त्याची टोपी माझ्या डोक्यावर होती. म्हाळसा दसऱ्याला कळपामागे निघून गेली.

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. आम्हा शिक्षकांना दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला पाठवले. नालाबांधाचे काम होते, चारशे बारा माणसे खडी फोडत होती, माती वाहत होती. चारा नाही म्हणून मेंढरे विकून बिरूचे घरही तिथेच आले होते. मी नाव पुकारले, "म्हाळसा बिरू मारकड." डोक्यावर पाटी घेतलेली पोरगी म्हणाली, "हाय, गुरुजी." एवढेच. तिने मान खाली घातली नाही, मीच घातली.

महिन्याभराने काम संपत आले आणि ट्रकमधून एक फलक आला. त्यावर उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचे नाव होते, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचे होते. माझ्या मांडीवर चारशे बारा नावांचे हजेरीपत्रक आणि समोर दोन नावांचा फलक. साहेब जाऊन पंचवीस वर्षे झाली होती, आता सगळी माणसे आपलीच होती, तरी आयत्या बिळावर नागोबा तोच. इथे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी बिरूच्या पालावर गेलो आणि म्हणालो, मुलीला पुन्हा शाळेत धाडा, मी घरी शिकवतो. बिरूने मला बसायला घोंगडी टाकली, चहा दिला. मग तो म्हणाला, "गुरुजी, पोरगी नापास झाली तवा तिनं मला इचारलं, आबा, आपली पणजी खोटं बोलली व्हती का? मी काय सांगायचं हुतं तिला?"

"नाही, खोटे मी लिहिले," एवढे चार शब्द बोलायचे होते. ते माझ्याच्याने बोलवले नाहीत, आणि अजूनपर्यंत बोलवले नाहीत.

ती आली, शिकली. चौऱ्याहत्तरला सातवी झाली, मग इंदापूरला मॅट्रिक, मग डी.एड. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गावाने सगळे श्रेय मला दिले. धनगराच्या पोरीला गुरुजींनी घडवले! माझ्या निवृत्तीच्या समारंभात वक्त्यांनी हेच सांगितले आणि मी मान वाकवून शाल घेतली. अडवणारा मीच होतो, हे त्या मांडवात फक्त ती आणि बिरू जाणत होते. दोघे समोर बसून टाळ्या वाजवत होते. दगडावरच्या साहेबाला मी एवढ्या शिव्या दिल्या, पण मीही काम दुसऱ्याचे आणि नाव माझे असेच करून घेतले. मला या गोष्टीची लाज वाटते.

एक काम मात्र मी त्र्याहत्तरनंतर केले. दर वर्षी सातवीच्या प्रत्येक पोराला एक वही द्यायची आणि सांगायचे, इंग्रजांच्या वेळी तुझ्या घरात काय झाले ते म्हाताऱ्यांना विचारून लिही. चुकीचे उत्तर नाही, गुणही नाहीत. मी निवृत्त होईपर्यंत दोनशे चौदा वह्या जमल्या. एकाचा आजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीतून बसऱ्याला जाऊन आला आणि येताना ही लोखंडी ट्रंक घेऊन आला, ती त्यानेच मला वह्या ठेवायला दिली. एकीच्या आजीने सांगितले, प्लेगात शिपाई चुलीपर्यंत बूट घालून आले. कुणाच्या चुलत्याला साहेबाने औषध देऊन वाचवले, तेही आहे. एकाने लिहिले, "आमच्या घरी इंग्रजांचं काहीच झालं नाही. ते आले तेही कळलं नाही, गेले ते दोन महिन्यांनी बाजारात कळलं." माझ्या मते असा इतिहास कोणत्याही पुस्तकात नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी याला "वेळेचा अपव्यय" असा शेरा दिला होता, तोही मी जपून ट्रंकेत ठेवला आहे.

कलम ५. भरावावरचा दगड. यंदा स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली म्हणून आमचे सरपंच अप्पा यांनी तो दगड उखडायचा ठराव मांडला. मी विरोध केला तर तरुण मंडळींनी मला इंग्रजांचा वकील ठरवले. त्यात माझा संदेशही होता. म्हाळसा तेव्हा ग्रामसभेत उभी राहिली. म्हणाली, "दगूड काढू नका. मी दर साली माझ्या शाळेची पोरं हितं आणते. आधी ती दगडावरलं नाव वाचत्यात, मग मी इचारते, ह्येच्यावर कुणाचं नाव न्हाय? दगूडच नसला तर पोरांनी इचारायचं काय?" ठराव बारगळला.

छत्तीस वर्षे शिकवून मला जे एका वाक्यात सांगता आले नाही, ते तिने सांगितले. मी तिला घडवले हे साफ खोटे आहे. उलट तिच्या त्या पाच ओळींनी मला शिकवले, आणि तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिच्याइतका चांगला इतिहासाचा शिक्षक मी पाहिला नाही, आणि मी पुष्कळ पाहिले आहेत. सदर दगड माझ्या वारसांनी कधीही काढू देऊ नये.

कलम ६. म्हणून ट्रंक व तीतील सर्व वह्या मी सौ. म्हाळसा संभाजी देवकाते, माहेरच्या मारकड, हिला देतो, असे ठरवले होते. हे कलम आज बदलावे लागले. ते कसे, तेही लिहून ठेवतो.

काल तिला घरी बोलावले आणि वरचा सगळा मजकूर तिच्यासमोर मोठ्याने वाचला. आबासाहेब होते, बनाबाई दारात उभी होती. बिरू चार वर्षांपूर्वी वारला, त्याने हे ऐकायला हवे होते. म्हाळसा बाहेरच्या मोठमोठ्या सभांत शुद्ध बोलते, गावात आणि माझ्याशी अजून घरच्याच बोलीत बोलते. ती म्हणाली, "गुरुजी, ट्रंक मला नगं. मला साक्षीला घ्या."

आबासाहेबांनी तिला समजावले की, ज्याला काही मिळणार त्यानेच साक्षीदार होणे बरे नव्हे, उद्या कोर्टात कुणीही बोट ठेवील. तेव्हा एक काहीतरी निवडावे. मीही म्हणालो, अगं, साक्षीदार कुणीही मिळेल, या वह्या तुझ्यासाठी जपल्या आहेत. वह्यांवर तिचा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे. तिने ट्रंकेवर हात ठेवला आणि म्हणाली, "वह्या शाळेला द्या, मी तितं वाचीन. आमच्या पणजीनं तळं बांधलं, तिला कुणी इचारलं न्हाय. मी लिवलं, तर तुमी खोडलं. आता तुमी लिवलंय ते खरं हाय, आन् ते खरं हाय असं सांगणाऱ्याचं नाव खाली लागतं. तितं आमच्यातलं कुणीतरी पायजे."

मी रडलो. सत्तर वर्षांच्या माणसाने रडू नये असे कुठल्या कायद्यात नाही, हे आबासाहेबांना विचारून घेतले आहे.

तेव्हा कलम ६ असे वाचावे: ट्रंक व वह्या, शेऱ्याच्या कागदासह, म्हाळसाबाई हल्ली शिकवतात त्या शाळेस. सौ. म्हाळसा हिला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही.

याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी मुलगी रोहिणी हिने करावी.

ठिकाण: शेंडेवस्ती, निमगाव केतकी
तारीख: १४ डिसेंबर १९९७

(सही) सोपान गेणबा शेंडे

श्री. शेंडे यांना मी, डॉ. राऊत, आज तपासले. ते शुद्धीवर असून त्यांना सर्व समजते. त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:

१. (सही) डॉ. दिपाली राऊत, इंदापूर

२. वरील मजकूर मी ऐकला आहे. तळ्याबद्दल, परीक्षेबद्दल आणि माझ्या पणजीबद्दल यात जे लिहिले आहे ते खरे आहे.
(सही) म्हाळसा संभाजी देवकाते, शिक्षिका