मागच्या पायरीवरचं पाणी

वळ, ६ मे २०२५

ती. पार्वतीआत्यास,
ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, हे आज बरंच वाटतंय. हे बोलून सांगता आलं नसतं.

भाऊंच्या हृदयाच्या दुखण्यामुळे एप्रिलात एसी लावला. समोरच्या गोदामाच्या पत्र्याने खोली फार तापायची. आता तुझे बंधुराज दुपारी झोपतात आणि तुझ्याहून मोठ्याने घोरतात. एसीचं पाणी शेजारच्या कमळाकाकूंच्या पापडांवर उडायचं, म्हणून मीच नळी वळवून दोन्ही घरांच्या सामाईक मागच्या पायरीवर सोडली. काकू खूश झाल्या, मला इंजिनेर म्हणू लागल्या.

पायरीवर शेवाळ धरलेलं मला दिसलं होतं. रविवारी घासू म्हटलं. शुक्रवारी काकू घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला लागलं. कशा पडल्या ते त्यांना आठवत नाही.

भाऊंनी लगेच पायरी घासली आणि काकूंच्या यजमानांना, तुळशीरामकाकांना सांगितलं, काकूंना साखरेची चक्कर आली असेल. मलाही गप्प राहायला बजावलंय. भिंतीला भिंत आहे, वैर नको म्हणाले. मी काय करू?

राग आला तरी माया ठेव.
तुझी, ऋतिका

पेण, १३ मे २०२५

चि. ऋतिकास,
पार्वतीचे अनेक आशीर्वाद.

घोरणं आपल्या घराण्यातच आहे, तूही सुटणार नाहीस.

मी तुला पाटीवर अक्षरं शिकवत होते, तेव्हा चुकलेलं अक्षर तू पुसायची नाहीस, आणून दाखवायचीस. तशीच तुळशीरामकडे जा. तुझा बाप रागावेल, रागावू दे. आधी नळी हलव. आणि उशीर करू नकोस, माणूस अंथरुणावर आहे.

तुझ्यावर जीव आहे तसाच आहे.
पार्वती

वळ, १० जून २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी नळी हलवली. सांगायला मात्र धजले नाही. रोज डबा घेऊन दवाखान्यात जायचे, ठरवून जायचे आणि तशीच परत यायचे. भाऊंच्या तब्येतीचं कारण स्वतःला देत होते. खरं कारण भीती.

अंथरुणावर पडून राहून काकूंना न्यूमोनिया झाला. दोन तारखेला त्या गेल्या.

काल काकांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "साखरेची गोळी चुकवलीस म्हणून पडलीस, असं मी तिला रोज बोलत व्हतो. ती म्हणायची, घेतली हाय. मी न्हाय मानलं."

मी काकांना सांगितलं, हे भाऊंना अजून माहीत नाही. आज सांगते.

लोभ असू दे.
ऋतिका