हाईस का रं, संग्या?

प्रिय संग्या,

आपल्या पेवाच्या तोंडाशी पालथा पडून तू पहिल्यांदा "आबाऽऽ" म्हणून ओरडलास, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. तेव्हा तू केवढा होतास? चड्डीची नाडी तुझी तुला बांधता येत नव्हती! हळद साठवायची ती जमिनीखालची खोल कोठी नुकतीच उपसलेली. खालच्या अंधारानं तुझी हाक घोळवून, मोठी करून परत दिली. तू दचकून माझ्याकडे बघितलंस. "आबा, खाली अजून एक संग्या हाय!"

आज पत्र लिहायला बसलो ते त्या खालच्या संग्यापायीच.

काल तुझा बँड हरिपूरला घरी आला होता. साताऱ्याची मुक्ता, तुमची ड्रमवाली, आणि बाकी दोघं. तू गेल्यावर पहिल्यांदाच आले. तुमचा पहिला अल्बम तयार झालाय, बाळा! नाव तू ठेवलंस तेच, 'पेव'. अडलाय तो तुझ्या बापापाशी. शिवानं फोनवर साफ सांगितलं, "माझ्या पोराचं वरडणं कुणी ऐकायचं न्हाई."

मुक्ता म्हणाली, "आबा, काका नाही म्हणाले तर आम्ही सगळं पुसून टाकू. संग्याच्या घरच्यांना दुखवून नाही काढायचा." पुसून टाकू! एवढं बोलली आणि चहा तसाच ठेवून अंगणात निघून गेली.

तुमच्या गाण्याचा प्रकार विचारला तेव्हा तू 'पोस्ट-हार्डकोर' म्हणाला होतास, आणि मी शेजारीपाजारी सांगून आलो की नातू पोस्टात लागला! किती दिवस चिडवलंस मला त्यावरून.

खरं सांगू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घाबरलोच. आधी अंगाईसारखं हळू, आणि मग एकदम आरोळी. मी म्हटलं, "अरे, घसा फाटंल!" तू म्हणालास, "आवं आबा, घशातनं न्हाई, पोटातनं काढायचा." तिथं मला आमची पाचवी आठवली. गुरुजी टेबलावर छडी आपटायचे, "बेंबीच्या देठापासून म्हणा!" आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायला लागला की कौलांवरची पारवी उडायची. मी तुला टाळी वाजवून भुजंगप्रयात म्हणून दाखवला. तू मान डोलावत ऐकलास आणि म्हणालास, "ह्ये आमचंच हाय की! फकस्त आमच्यात भुजंग चावतोय." केवढे हसलो होतो रे आपण!

शेवटचं गाणं पेवातच गायचं, हा तुझा हट्ट. महापुरांनी गावातली बहुतेक पेवं खचली, हळद शीतगृहात जायला लागली, आपलं हे एक कसंबसं उरलेलं. मी म्हटलं, जायचं तर रीतीनं. तोंडावरची फरशी दिवसभर काढून ठेवली, कोंदलेली हवा जाऊ दिली. मग दोरानं कंदील खाली सोडला. तो विझला नाही, तेव्हाच कमरेला दोर बांधून तुला उतरू दिलं. आणि वर बसलेल्यानं अधूनमधून हाक द्यायची, खालच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही की दोर ओढायचा. आमच्या आज्यापासूनची रीत.

मुक्तानं हात जोडले. "आबा, रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज येतोय!"

"येऊ दे. माझा नातू खाली हाय."

तुझी आरोळी संपली की मी विचारायचो, "हाईस का रं, संग्या?" आणि खालून तू, "हाय, आबा!" वर आलास तो घामानं थबथबलेला, अंगभर जुन्या हळदीची पूड, नवरदेवासारखा पिवळा. आल्या आल्या मुक्ताला बजावलंस, "आबाची हाक काढायची न्हाई."

आणि मग गळिताचा हंगाम, दिवेलागणीची वेळ, साताऱ्याहून परतताना हायवेवर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली. कंदील सोडल्याशिवाय अंधारात पाऊल न टाकणाऱ्या घरातलं पोर तू! मुक्ताची आई म्हणत होती ना, जेवून जा, सकाळी जा? का नाही रे थांबलास?

शिवावर मात्र रागावू नकोस. उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली त्याची. आरोळी त्यानं तिथं ऐकली ती जखमी माणसाचीच. तुझ्या तेराव्याला माझ्याशेजारी बसून म्हणाला, "आबा, येवढं काय दुखत हुतं त्याला? आन मला बापाला कसं कळलं न्हाई?" त्याचं उत्तर मला आता सुचतंय. ज्याला दुखतंय तो माणूस असा तालात ओरडतो का? पण हे सांगून पटायचं नाही, त्यानं ते शेवटचं गाणं ऐकायला हवं. मुक्तानं काल जाताना कऱ्हाडात त्याच्या घरी उतरून त्याच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. त्यानं तो खिशात घातला आणि पोरांना पाणी दिलं म्हणे.

मी तरी काय करतो? रोज सकाळी फरशी सारून हाक देतो. परत येते ती माझीच, म्हातारी.

तुला शब्द देतो, संग्या. अल्बम निघाला तर पहिल्यांदा इथंच वाजेल. आधी फरशी काढीन, हवा जाऊ देईन, कंदील सोडीन, मग दोरानं स्पीकर खाली. तुझा आवाज तुझ्या जागी. आणि वर मी बसेन, हाक देत. आणि नाही निघाला, तरी हाक चुकवणार नाही.

थांब. दारात कोणीतरी आलंय.

शिवा आलाय, बाळा! तुझ्या तेराव्यानंतर या घराची पायरी न चढलेला माणूस. त्यानं कडी वाजवली नाही. दारात उभं राहून, पेवाच्या तोंडाशी देतात तशी लांबवून हाक दिली, "हायसा का वंऽऽ, आबा?"

मी आतनं ओ दिली, "हाय रं, शिवा. ये."

तो उंबऱ्यातच खाली बसला. डोळे सुजलेले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. नुसता म्हणाला, "आबा, तुमास्नी ओ देताना हसतोय की वं त्यो!"

तुझा,
वर बसलेला आबा