आधी अनमाउंट करा

मंगळ. ११ फेब्रु.
ऑफिसात होते, मोरेकाकांचा फोन. एमआयडीसीत बाबांच्या बरोबरीने वीस वर्षं एकाच कंपनीत होते, म्हणून मी अजून ‘शुभा पोरी’च. "अगं, सगळं गेलं. रेकॉर्डिंगचा फोल्डर रिकामा दिसतोय."
कल्याणला त्यांच्या चाळीतल्या विहारात कॉम्प्युटर मीच बसवून दिलेला, फुकट मिळणारी सिस्टीम टाकून. काकांनी तीन वर्षं खपून त्यात आसपासच्या म्हाताऱ्या बायकांची गाणी, आठवणी भरल्या. बेचाळीस जणी. त्यातल्या अकरा आता नाहीत.
म्हटलं मशीन बंद करा, हात लावू नका, उद्या येते.
घोडबंदरला बस अडकलेली. मनात एकच, काकांनी काहीतरी घोळ घातला असणार.

बुध. १२
हाफ डे टाकून कल्याण. काकांनी प्रिंटआउट पुढ्यात ठेवला. "हे बघ. यात लिहिलंय तसंच केलं. अक्षर न् अक्षर."
माझंच पान.
सिस्टीमच्या मराठी माहितीपुस्तिकेतलं. ‘एक फोल्डर दोन ठिकाणी माउंट करून शेअर करणे’. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, खाली फक्त ‘मराठी गट’. आम्ही सहा-सात जण हौसेने करतो ते काम.
विहारातल्या वाचनालयात येणाऱ्यांना ऐकता यावं म्हणून काकांनी तो फोल्डर दुसऱ्या जागीही माउंट केला. नीट चालला. मग बंद करायचं ठरवलं. माझी शेवटची पायरी: ‘शेअरिंग नको असल्यास नवा फोल्डर डिलीट करा.’ त्याआधी अनमाउंट करायचं असतं, ती ओळच नाही. माउंट म्हणजे कॉपी नव्हे. खोली एकच, दारं दोन; अनमाउंट म्हणजे ते दुसरं दार आधी बुजवणं. काकांनी दुसऱ्या दाराने जाऊन खोलीच साफ केली. कॉपी कुठेही नाही.
"माझंच चुकलं असणार. या वयात नसत्या भानगडीत पडलो," काका म्हणाले.
मी म्हणाले, "होतं असं, काका."
चहा प्यायले. डिस्क पिशवीत घातली. आले.

गुरु. १३
सकाळी पान दुरुस्त केलं. अनमाउंटची ओळ टाकली. ‘काय बदललं’ या चौकटीत लिहिलं: किरकोळ भाषिक सुधारणा.
का लिहिलं असं? कोणी विचारत पण नव्हतं.
पानाखाली हर्षदची जुनी सूचना सापडली. ठाण्याचा, आमच्याच गटातला. जूनमधली. "शुभांगी, डिलीटच्या आधी अनमाउंट हवं ना? कोणाचा तरी डेटा जाईल." त्याखाली माझं उत्तर. "एवढं बेसिक वाचणाऱ्याला माहीत असतं. नंतर बघू." आणि सूचना बंद. मीच केलेली.
आठ महिने.

शनि. १५
डिस्क घेऊन ठाण्याला, नौपाड्यात डेटा परत काढून देणारा एक जण आहे. "मॅडम, डिलीट झाल्यावर मशीन चालू ठेवलेलं?" दोन दिवस. काका फाईली शोधत बसलेले. तो म्हणाला बघतो, पण सगळं मिळेल असं धरून चालू नका.
खाली हर्षद भेटला, मीच बोलावलेला. पानावरचा बदल त्याने पाहिलेला. "किरकोळ?" एवढंच म्हणाला.
मी उलट त्याच्यावरच. तू पुन्हा का नाही विचारलंस, एकदा लिहून गप्प कसा बसलास, वगैरे. तो ऐकून घेत होता. रिक्षात बसल्यावर कळलं मी काय बोलले ते.

बुध. १९
सोळा मिळाली. गेलेल्या अकरांपैकी तिघींची. त्या अकरांतल्याच गयाबाईंचं नाही.
काकांना कळवलं. "सोळा? खूप झाली गं. तुझे उपकार." उपकार! पुढे म्हणाले, विहाराच्या कमिटीला सांगितलंय, माझ्या हातून झालं, रविवारी कॉम्प्युटरच्या खोलीची चावी परत देतो.
संध्याकाळी आई मटार सोलत होती, तिला सगळं सांगितलं. तिने हात थांबवले.
"मग त्यांना सांगितलंस?"
"नाही."
"बाबा गेले तेव्हा मोरे भाऊजी सगळ्यात आधी पोचलेले." आणि पुन्हा मटार.

शुक्र. २१
पानाच्या ‘काय बदललं’ चौकटीत नवीन नोंद केली. मूळ पानात गंभीर चूक, आधी सूचना मिळूनही दुर्लक्ष, एका वाचकाचा डेटा गेला, चूक माझी. नावासकट. हर्षदने मंजूर केलं. सॉरी लिहिलं त्याला. निळी टिक आली, तेवढीच.
हे लिहिणं सोपं होतं. तिथे काका नाहीत.

रवि. २३
विहारात वंदना झाल्यावर कमिटी बसली. काकांनी चावी टेबलावर ठेवली, तेवढ्यात उठले मी. सांगितलं. पान माझं. काकांनी काही चुकवलं नाही.
गयाबाईंची मुलगी सुमनताई समोरच होती. म्हणाली, "आईचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. फोनमध्ये पण नाही." मग, "तुम्हाला ही चूक आधी कोणी दाखवली नव्हती?"
नाही म्हणता आलं असतं. "दाखवलेली. जूनमध्ये."
ती उठून बाहेर गेली.
काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्या दिवशी इथे बसून चहा प्यायलीस. पान तुझं, हे तेव्हा माहीत होतं?"
"हो."
अध्यक्षांनी चावी काकांच्या पुढ्यात सरकवली. त्यांनी ती उचलली, माझ्याकडे न बघता आत गेले. मी चपला घातल्या. निघताना जय भीम म्हटलं. एकीनेच उत्तर दिलं.

मंगळ. २५
काल काकांना दोनदा फोन केला, उचलला नाही. आज दुपारी मेसेज. ते कधीच एवढं टाइप करत नाहीत.
"ज्यांचं गेलं त्यातल्या अठरा जणी हयात आहेत. परत बोलायला तयार आहेत का, घरोघरी जाऊन विचारतोय. तू रेकॉर्डिंगला बसलेली चालेल का, तेही त्यांनाच विचारतो. मी माझ्याकडून काही सांगणार नाही."
‘बरं काका’ एवढंच लिहिलं.
सहा वाजले. काकांकडून अजून निरोप नाही.