एकेक हळकुंड मोडून

माय, मी नोकरी करते हे तुला कुणी सांगितलंच नसेल, म्हणून सांगते. बाळापूरच्या आपल्याच घरात, तू हळदीची पोती रचायचीस त्या खोलीत बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. पडद्यावर जे असतं ते स्क्रीन रीडर कानात वाचून दाखवतो. इतका भरभर, की दादा म्हणतो, "हे काय बोलून राहिलं? कुणाला समजंल?" मला समजतं.

तुला एकच घोर होता. जेवायला बसलं की सुरू व्हायचीस, "माझ्या मागं या आंधळ्या लेकराला कोण इचारंल?" मला राग यायचा. मी काय भांडं आहे, कुणीतरी उचलून ठेवायला? पण तू गेल्यावर, नोकरी पक्की व्हायच्या वेळी, तुझाच घोर माझ्या पोटात येऊन बसला.

इंग्रजीत प्रत्येक अक्षराची दोन रूपं, लहान आणि मोठं. कॉम्प्युटर ती वेगळी धरतो. नावात एका ठिकाणी मोठं न् दुसरीकडं लहान पडलं, की तेच नाव त्याला परकं. माझा प्रोग्राम चालेना. ओळ न् ओळ ऐकली, सगळं बराबर. अख्खा शब्द वाचताना लहान-मोठं कानाला सारखंच लागतं, आणि मोठं अक्षर सांगायची सोय मीच बंद केली होती, सारखं 'कॅप, कॅप' ऐकून डोकं उठायचं म्हणून. टीमच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "अगं, मी बघून सांगू का? एका नजरेत दिसेल." चांगल्या मनानंच म्हणाल्या. मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांबा." फोन ठेवला न् मनात आलं, आज त्यांनी बघून दिलं, तर दर वेळी कुणीतरी बघून द्यावं लागणार, आणि अशी बाई कोण ठेवून घेईल?

तेव्हा आपलं अंगण आठवलं. शिजवलेली हळद उन्हात पडलीय. मी ढिगात हात घालून खळखळ वाजवते न् म्हणते, "वाळली, माय." तू मला खाली बसवतेस. "ढीग लबाड असतोय. वाळकी वाजतेत, ओली गप बसतेत. एकेक मोडून आयक." मी मोडते. कट्ट. कट्ट. मग एक नुसतंच वाकतं. "व्हय, हे ओलं." पुढच्या साली हळद वाळली का, हे तू मलाच विचारलंस.

मी ओळी ऐकणं सोडलं. मोठं अक्षर आलं की आवाज चढेल अशी सोय लावली, न् बाणाच्या बटणानं एकेक अक्षर ऐकत गेले. एका ओळीत एका नावातला 'एन' चढून बोलला. बरीच खाली, त्याच नावात, तो खालच्या आवाजात बोलला. सापडलं. मॅडमला फोन केला तर त्या जेवत होत्या. "कसं शोधलंस गं?" म्हणाल्या. हळदीपासून सांगावं लागलं असतं, म्हणून नुसती हसले.

नोकरी पक्की झाली. माझं बरं चाललंय, माय. चहा माझा मी करते, दादाशी भांडते, आणि अडले तर तो विचारतोच; पण अडलेल्या कुणालाही तो विचारतो, मी आंधळी म्हणून नाही.

हे पत्र कुठं टाकणार, कॉम्प्युटरमध्येच राहील. एक गोष्ट कुणाला बोलले नाही. दिवसभर मी आवाजातच बसलेली असते, पण तुझा आवाज मला आता आठवत नाही. बोलणं सगळं आठवतं, आवाज नाही. हळकुंड मोडल्याचा तेवढा आठवतो. म्हणून टेबलाच्या खणात थोडी ठेवलीत, आणि अधूनमधून काही काम नसताना एखादं मोडते.