रिकामी रिंग

३ फेब्रुवारी, सोमवार
अकराव्यांदा राळ! सारख्या शंका काढणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने, शंकासुरच म्हणतो मी तिला, फ्लास्क माझ्या नाकासमोर धरला — तळाशी काळं, चिकट. म्हणे, "सर, धातूशिवाय रिंग मिटतच नाही." माझ्या तोंडावर!

साऱ्या जगाला रेणूची दोन टोकं जुळवून रिंग करायला मधे तांबं नाहीतर निकेल लागतं. मी रिंग आधी रिकामीच बनवतो, धातू मागून बसवतो. बावीस वर्षं याच गोष्टीवर माझं नाव आहे. आणि पीएच.डी.ची ही पोर मला शिकवणार! नाचता येईना अंगण वाकडं.

५ फेब्रुवारी
जेवताना बायको म्हणते, "अहो, पण ती खोटं कशाला बोलेल?" ताट सारून उठलो.

७ फेब्रुवारी
समितीला पत्र दिलं — हिला काम जमत नाही, नोंदणी रद्द करा. बैठक चौदाला. विभागप्रमुख कळवळले, "चार वर्षं फुकट जातील हो तिची." जाऊ देत!

१० फेब्रुवारी
तिच्या देखत स्वतः केलं. रसायनं तिचीच, भांडी तिनेच घासलेली. फक्त ढवळायचा चुंबक माझा — पांढरा, कॅप्सूलएवढा. पहिल्यापासून माझ्या ड्रॉवरमध्ये असतो, कोणाला हात लावू देत नाही. चार वाजता पिवळे स्फटिक, रिंग मिटली! सगळ्या लॅबसमोर म्हणालो, "बघ, हात लागतो त्याला." तिने मान खाली घातली. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

११ फेब्रुवारी
चुंबक धुवायला तीव्र आम्लात टाकला. आम्ल निळसर झालं. वरच्या आवरणाला बारीक चीर आहे, तिच्यात तांबं बसलंय — कुठल्या जुन्या प्रयोगाचं, देव जाणे. तोच धुतलेला चुंबक घेऊन पुन्हा केलं.

राळ.

१२ फेब्रुवारी
दार लावून दोनदा केलं. नव्या चुंबकाने राळ. दुसऱ्या फ्लास्कमध्ये मुद्दाम चिमूटभर तांबं टाकलं — पिवळे स्फटिक. म्हणजे बावीस वर्षं तांबंच रिंग मिटवत होतं.

बाहेरच्या लॅबवाल्यांची पत्रं यायची, जमत नाही म्हणून. मी हसायचो! आता बोललो तर पहिला पेपर मागे घ्यायचा, मग त्यावर उभे असलेले सगळे. नाही बोललो तर ती घरी. आणि राग तिचाच येतोय. कोणी सांगितलं होतं एवढं स्वच्छ काम करायला? रोज भांडी आम्लाने घासते मेली!

बायकोने विचारलं, "काय झालंय?" काही नाही म्हणालो.

१४ फेब्रुवारी
समितीने एकच विचारलं, "तुम्हाला जमतं, हिला का नाही?"

"निष्काळजी आहे," म्हणालो. नोंदणी रद्द.

जिन्यात तिने गाठलं. डोळे कोरडे. "सर, तुम्ही सांगा फक्त. खरंच माझीच चूक होती?"

हो म्हणालो. तिने विश्वास ठेवला.